काट मारलेली किंमत

सगळ्यांना माहीत असलेलं खोटं, हे खोटं असतं का?

प्रश्न वाकडा वाटेल, पण बाजारात तो रोज उभा असतो. सेलमधल्या शर्टाच्या टॅगवर २,४९९ छापलेलं असतं, त्यावर लाल काट असते आणि खाली ठळक अक्षरात ७९९. हा शर्ट २,४९९ला कधीच विकला गेलेला नाही, हे दुकानदाराला माहीत असतं. आपल्यालाही माहीत असतं. आपल्याला ते माहीत आहे, हेही दुकानदाराला माहीत असतं. तरी आकडा छापला जातो आणि तरी आपण शर्ट घेतो. ह्याला फसवणूक म्हणायचं तर फसलेला माणूस दाखवता यायला हवा. तो कुठे आहे?

माझं गाव वणी, दिंडोरी तालुक्यातलं. नाशिकहून सप्तशृंग गडावर जाणारा रस्ता आमच्या गावातून जातो, त्यामुळे गावाच्या मानाने बाजारपेठ मोठी आहे. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास इथे सेल लागतात. रिक्षावर भोंगा बांधून पुकारा होतो: कंपनीचा माल, थेट ग्राहकाला, फक्त तीन दिवस. ते तीन दिवस महिनाभर चालतात आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नाही. 'अरे, ते असंच असतं' एवढंच उत्तर मिळतं. ह्या लेखात मला त्या 'असंच असतं'कडे जरा नीट बघायचं आहे.

आकडा येतो कुठून?

एमआरपी आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की ती कायमचीच असावी असं वाटतं. प्रत्यक्षात 'सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत' छापण्याची सक्ती १९९० सालची आहे. त्याआधी पाकिटावर 'स्थानिक कर वेगळे' असं छापायची मुभा होती, आणि त्या तीन शब्दांच्या आडून दुकानदार वाटेल तेवढे पैसे वर लावत. ते थांबवायला वजन-मापांच्या नियमांत बदल झाला. पुढे २००९चा वैधमापन कायदा आणि २०११चे आवेष्टित वस्तूंचे नियम आले, आणि आजची एमआरपी त्यांच्याखाली छापली जाते.

ह्यातला 'कमाल' हा शब्द महत्त्वाचा आहे. एमआरपी म्हणजे छत: ह्याच्या वर जायचं नाही. कायदा दोन गोष्टी बघतो. आकडा छापला आहे का, आणि त्यापेक्षा जास्त घेतले का. तो आकडा ठरवायचा कसा, हे थोड्या वस्तू सोडल्या तर बनवणाऱ्यावर सोडलेलं आहे. शंभर रुपयांत तयार होणाऱ्या वस्तूवर हजार छापले तर बहुतेक वस्तूंच्या बाबतीत कुणी विचारत नाही. छत किती उंच बांधायचं हे बांधणाऱ्यानेच ठरवायचं असेल, तर तो डोक्याला लागणार नाही इतकं उंच बांधणारच. ग्राहकाच्या रक्षणासाठी आलेला आकडा अशा रीतीने सूट दाखवण्याचं साधन झाला.

गावातल्या एका ओळखीच्या काकांचं कापडाचं दुकान आहे. त्यांना मी एकदा विचारलं, "काका, टॅगवरचा आकडा ठरवतं कोण?"

ते हसले. म्हणाले, "माल पाठवणारा फोनवर मलाच विचारतो, शेठ, टॅग कितीचा लावू?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"समोरच्या दुकानात काय लागलाय ते बघतो आणि सांगतो. एक वर्षी मी खरा भाव लावून बघितला. बाया यायच्या, टॅग बघायच्या आणि म्हणायच्या, काका, डिस्काउंट नाही का? नाही म्हटलं की समोर जायच्या. तिथे तोच गाऊन, माझ्यापेक्षा तीस रुपये महाग. पण पन्नास टक्के सूट!"

काकांना मी लबाड म्हणणार नाही. पण त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट कळते. 'मूळ किंमत' ही त्या वस्तूच्या इतिहासातली कुठलीही घटना नसते. सूट किती दाखवायची हे आधी ठरतं आणि मूळ किंमत त्यातून मागे मोजत काढली जाते.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून ऑनलाइन दुकानाची आतली बाजूही सांगतो. वस्तूच्या नोंदीत किमतीचे दोन रकाने असतात: एक एमआरपीचा, एक विक्रीच्या किमतीचा. दोन्ही साधारणपणे विक्रेता भरतो. टक्केवारी प्रोग्राम काढतो, आणि तिथे चूक होत नाही. भागाकार अगदी बरोबर असतो. मात्र ज्या आकड्याने भागलं, तो कुठून आला हे प्रोग्रामला ठाऊक नसतं. स्क्रीनवर हिरव्या अक्षरात '६८ टक्के सूट' दिसते, तेव्हा गणिताची अचूकता त्या पहिल्या आकड्याला उसनी मिळते. 'ऑफर संपायला १२ मिनिटं' सांगणारं घड्याळ पान पुन्हा उघडल्यावर पुन्हा १२ मिनिटांवर आलं, तर तेही त्याच जातीचं.

घासाघीस वेगळी, काट वेगळी

इथे एक जुना आक्षेप येतो. आपल्या बाजारात घासाघीस पूर्वीपासून आहे. साडीवाला पाच हजार सांगायचा, आजी दोन हजारांपासून सुरू करायची आणि तीनवर सौदा तुटायचा. त्या पाच हजारांना कुणी खोटं म्हटलं नाही. मग छापील २,४९९वर एवढा राग का?

हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून फरक नेमका सांगायला हवा. 'पाच हजार द्या' ही मागणी आहे. मागणी जास्त असेल, निर्लज्ज असेल, पण ती खरी किंवा खोटी नसते. तिला उत्तरही देता येतं, आणि आजी ते द्यायची. दोघं समोरासमोर असायचे, दोघांनाही खेळाचे नियम ठाऊक असायचे, आणि उठून जायची ताकद दोघांकडे असायची.

काट मारलेला आकडा काही मागत नाही. तो सांगतो की 'ही वस्तू आधी एवढ्याला होती'. हे भूतकाळाबद्दलचं विधान आहे, आणि विधान खरं असतं किंवा खोटं असतं. शिवाय ते छापील असतं, म्हणजे त्याच्याशी घासाघीस होत नाही. सौदा झाला आणि तो आपण जिंकलो असा आभास मात्र होतो, कारण आपल्या बाजूची घासाघीसही दुकानदारानेच करून ठेवलेली असते.

ह्यावर हुशार दुकानदार म्हणेल, 'आम्ही कुठे म्हटलं की आधी एवढ्याला विकत होतो? आम्ही म्हटलं एमआरपीवर सत्तर टक्के सूट. एमआरपी छापलेली आहे, सूटही दिली आहे. शब्द न् शब्द खरा आहे.'

खरा आहेच. अशा खरेपणाची गोष्ट आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. द्रोणाचार्यांना शस्त्र खाली ठेवायला लावायचं होतं. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला, आणि धर्मराजाने अश्वत्थामा मेल्याचं मोठ्याने सांगून हत्तीचा उल्लेख ऐकू जाणार नाही असा केला. वाक्य खरं होतं. तरी गोष्ट सांगणारी परंपरा त्याला सोडत नाही: जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. ऐकणाऱ्याच्या मनात खोटं उभं राहावं म्हणून बोललेलं खरं, हे खोट्याच्याच हिशेबात जातं. 'एमआरपीवर सत्तर टक्के' ह्या वाक्यात 'एमआरपी' हा शब्द त्या हत्तीचं काम करतो.

मग फसतं कोण?

सुरुवातीचा प्रश्न अजून शिल्लक आहे. सगळ्यांना माहीत असेल तर फसतं कोण? मला चार उत्तरं दिसतात.

पहिलं उत्तर: माहीत असलेलाही फसतो. १९७४ साली डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी एक प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी आधीच व्यवस्था केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांच्यासमोर १० आला होता त्यांचा मधला अंदाज २५ निघाला; ज्यांनी ६५ पाहिला होता त्यांचा ४५. चक्राचा आफ्रिकेशी काही संबंध नाही, हे समोर दिसत असूनही आकडा मनात रुतून बसला. टॅगवरचे २,४९९ असेच रुततात. आपण त्यावर विश्वास ठेवत नाही. फक्त ७९९ला 'स्वस्त' म्हणतो. हा शर्ट मुळात ७९९चा आहे का, हा प्रश्न तोवर मागे पडलेला असतो. रिचर्ड थेलर यांनी १९८५ साली ह्याला जोड दिली. खरेदीत दोन सुखं असतात, एक वस्तू मिळाल्याचं आणि दुसरं सौदा जमल्याचं. खोटी मूळ किंमत आपल्याला हे दुसरं सुख विकते, आणि त्याचे पैसे बिलात वेगळे दाखवत नाही.

दुसरं उत्तर: परका माणूस फसतो. वणीसारख्या यात्रेच्या वाटेवरच्या गावात हे स्वच्छ दिसतं. गावातल्या गिऱ्हाइकाला भाव ठाऊक असतात, आणि ते उद्या पुन्हा येणार हे दुकानदारालाही ठाऊक असतं. गडावर जाताना तासभर थांबलेल्या भाविकाचं तसं नसतं. त्याच्याजवळ गावची माहिती नसते. त्याच्या हातात टॅग तेवढा असतो. 'सगळ्यांना माहीत आहे' ह्या वाक्यातले 'सगळे' म्हणजे बहुतेक वेळा आपल्यासारखे असतात, शिकलेले, मोबाइलवर दुसऱ्या दुकानाचा भाव बघून घेणारे. खेड्यावरून पहिल्यांदा मिक्सर घ्यायला आलेली बाई त्या 'सगळ्यां'त धरलेली नसते.

तिसरं उत्तर आमच्या भागात सगळ्यांत महाग पडतं. दिंडोरी तालुका द्राक्षांचा. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात एकाच छताखाली दोन प्रकारच्या एमआरपी दिसतात. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांची. ही किंमत सरकारने ठरवलेली आहे आणि तीच खरी विक्रीची किंमत असते. बाजूच्या फडताळात भुरीची आणि डाऊनीची औषधं असतात. त्यांच्या बाटल्यांवरचा आकडा कंपनीचा. रोख पैसे देणाऱ्या, चार दुकानांत विचारून आलेल्या बागायतदाराला त्या आकड्याच्या बरंच खाली औषध मिळतं. गोडी छाटणीनंतर महिनोन् महिने उधारीवर फवारणी करून, माल विकल्यावर हिशेब चुकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला छापील आकड्याच्या जवळ जावं लागतं. उधारीला खर्च असतो, दुकानदाराने तो घ्यावा. पण तो व्याज म्हणून सांगितला तर शेतकरी सोसायटीच्या दराशी ताडून बघेल. फुगवलेल्या एमआरपीच्या पोटात व्याज दडवलं की ते दिसतच नाही. शेतकऱ्याला वाटतं आपण 'पूर्ण किंमत' दिली. त्याने दिलेलं असतं औषधाचं मोल आणि न सांगितलेलं व्याज.

त्याच शेतकऱ्याच्या मालाची गंमत बघा. टोमॅटो पिंपळगावच्या बाजार समितीत नेला की लिलाव होतो आणि बोली उघड्यावर लागते. क्रेटवर आधी हजार लिहून काट मारायची सोय त्याला नाही. जो विकतो त्याची किंमत दुसरा ठरवतो. जे विकत घेतो तिथेही छापील आकडा दुसऱ्याचाच.

चौथं उत्तर: ज्याला घासाघीस करताच येत नाही तो फसतो, म्हणजे आजारी माणूस. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध सोडणाऱ्या ज्या स्टेंटची एमआरपी लाखाच्या पुढे असायची, त्याची कमाल किंमत २९,६०० रुपयांच्या आसपास आली. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, कर्करोगावरच्या ४२ औषधांच्या व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा आली आणि काही ब्रँडची एमआरपी ८७ टक्क्यांपर्यंत उतरली. शंभराची गोष्ट तेरावर आली. वरच्या सत्त्याऐंशी रुपयांत औषध नव्हतं. ती मधल्या माणसांसाठी ठेवलेली जागा होती. त्या जागेतून काही दुकानदार ओळखीच्याला वीस-तीस टक्के सूट देत असतील, आणि घेणारा त्यांचे आभारही मानत असेल.

म्हणजे फसलेला माणूस हजर आहे. खोट्या आकड्याचं ओझं सगळ्यांवर सारखं पडत नाही. ज्याला माहिती आहे, ज्याच्याजवळ रोख आहे, ज्याला उठून जाता येतं, त्याला 'सूट' मिळते. ज्याच्याजवळ ह्यातलं काहीच नाही, तो छापील आकडा भरतो. तुमच्या-माझ्या सवलतीचा थोडा खर्च तोही उचलतो.

प्रामाणिक माणसाची अडचण

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ सालच्या नीतीविषयक ग्रंथात एका दुकानदाराचं उदाहरण घेतलं आहे. हा दुकानदार नवख्या गिऱ्हाइकाला जास्त भाव लावत नाही. सगळ्यांना एकच किंमत, लहान मूलही त्याच्याकडून मोठ्या माणसाइतक्याच भावात वस्तू नेऊ शकतं. कांट विचारतात, हा माणूस नीतिमान आहे का? कदाचित नसेल. तो प्रामाणिक असेल कारण प्रामाणिकपणात धंदा आहे. नाव टिकतं, गिऱ्हाईक परत येतं. कर्तव्य म्हणून केलेली गोष्ट आणि फायदा म्हणून केलेली गोष्ट बाहेरून सारखीच दिसते, हा त्यांचा मुद्दा.

आजच्या बाजारात हे उदाहरण उलटं झालं आहे. कांटच्या दुकानदाराला प्रामाणिकपणा परवडत होता. आमच्या काकांना तो परवडला नाही.

अमेरिकेत ह्याची मोठी परीक्षा झाली. जेसी पेनी ह्या जुन्या दुकान-साखळीच्या प्रमुखपदी आलेल्या रॉन जॉन्सन यांनी २०१२च्या सुरुवातीला फुगवलेल्या किमती आणि सततचे सेल बंद करून सरळ कमी किमती लावायचं ठरवलं. टॅगवर खरा आकडा, कूपन नाही, काट नाही. त्या एका वर्षात विक्री सुमारे पाव हिश्श्याने घसरली, तोटा शंभर कोटी डॉलरच्या जवळ गेला, आणि एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना जावं लागलं. कंपनी पुन्हा सेलकडे वळली. जॉन्सन यांच्या इतरही चुका झाल्या असं म्हणतात, पण गिऱ्हाईक काट मारलेल्या आकड्याच्या शोधात दुसरीकडे गेलं, हे नाकारता येत नाही.

ह्यावरून लोक दोन निष्कर्ष काढतात. एक, गिऱ्हाइकालाच खोटं हवं असतं, तेव्हा देणाऱ्याचा दोष नाही. मला हे पटत नाही. 'हवं असणं' हेच बाजाराने घडवलेलं आहे. आजूबाजूच्या प्रत्येक आकड्यावर काट असेल, तर काट नसलेला आकडा बघून 'इथे अजून सूट आलेली नाही' असं वाटणं ही मूर्खपणाची गोष्ट नाही. खोट्या भाषेत वाढलेल्या माणसाला खरं वाक्य अर्धवट वाटतं, एवढंच.

दुसरा निष्कर्ष मला जास्त खरा वाटतो. ही एकट्याच्या नीतीने सुटणारी गोष्ट नाही. मिरवणुकीत पहिल्या रांगेतला माणूस टाचा उंचावून बघायला लागला की मागच्या सगळ्यांना टाचा उंचवाव्या लागतात. कुणालाच जास्त दिसत नाही, पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. काकांनी एकट्याने टाचा टेकवल्या, तर त्यांना समोरच्याची पाठ तेवढी दिसते. अशा ठिकाणी 'चांगले वागा' असा उपदेश पुरत नाही, सगळ्यांनी एकदम टाचा टेकवायचा नियम लागतो. नियमाचं काम फक्त वाईट माणसाला धरण्याचं नसतं. चांगल्या माणसाला चांगलं राहणं परवडावं, ह्यासाठीही नियम असतो.

हा विचार नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्याच्या नफ्याची मर्यादा सांगितलेली आहे: देशी मालावर पाच टक्के, परदेशी मालावर दहा. आजच्या अर्थव्यवस्थेत असे आकडे ठरवून चालणार नाहीत, आणि सरकारने प्रत्येक शर्टाची किंमत ठरवावी असं कुणी म्हणत नाही. पण किंमत ठरवणं आणि किमतीबद्दल खरं बोलायला लावणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी शक्य आहे.

युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून लागू झालेला नियम नेमका हेच करतो. सूट जाहीर करायची तर 'आधीची किंमत' म्हणून मागच्या तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवायची. किंमत काहीही ठेवा, सूट द्या किंवा देऊ नका, पण भूतकाळाबद्दल बोलायचं तर खरा भूतकाळ सांगा. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने स्पष्ट केलं की जाहिरातीतली टक्केवारीसुद्धा त्याच किमतीवरून काढली पाहिजे.

आपला कायदाही आंधळा नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, वस्तू साधारणपणे ज्या किमतीला विकली जाते तिच्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं हे अनुचित व्यापारी प्रथांमध्ये धरलेलं आहे. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने, एमआरपीवर सूट जाहीर करून वर पुन्हा वेगळा कर लावणं चुकीचं ठरवलं. एमआरपीत कर धरलेलाच असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन फसव्या रचनांचे तेरा प्रकार नावानिशी सांगितले, त्यात 'खोटी घाई' म्हणजे ते १२ मिनिटांचं घड्याळही आहे. फट उरते ती एमआरपीची. सूट तिच्यावर मोजली की हत्तीचा उल्लेख केल्याचं पुण्य मिळतं. तीस दिवसांचा नियम आपल्याकडे आला तर ही फट बुजेल, आणि ऑनलाइन दुकानांसाठी तो पाळणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. किमतीचा इतिहास साठवणं हे प्रोग्रामरच्या दृष्टीने एका जास्तीच्या तक्त्याचं काम आहे.

तोवर आपण

कायद्याची वाट बघत बसावं लागत नाही, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या गरजा एकत्र नोंदवायच्या, माल एकत्र आणायचा आणि वाटून घ्यायचा. त्या व्यवहारात सूट हा शब्द लागत नाही, कारण खरेदीची किंमत काय आणि वरचा खर्च किती हे घेणाऱ्यांनाच ठाऊक असतं. वणीतल्या चार द्राक्ष-बागायतदारांनी औषधं एकत्र, रोखीने मागवली, तर तेही हेच करत असतात, फक्त त्याला नाव देत नाहीत.

आपल्या पातळीवर तीन साध्या गोष्टी करता येतात. काट मारलेल्या आकड्यावर अंगठा ठेवा आणि उरलेला आकडा एकटा बघा: ही वस्तू मला एवढ्याला हवी आहे का? पाकिटावर ग्रॅमचा भाव काढा. 'वीस टक्के जादा'चं कोडं तिथेच सुटतं. आणि 'किती वाचले' हे विचारायचं सोडून 'किती गेले' हे विचारा. ७९९चा नको असलेला शर्ट घेतल्यावर १,७०० वाचत नाहीत, ७९९ जातात. उघड फसवणूक झाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

ह्याहून अवघड एक गोष्ट उरते, आणि ती आपल्या वयाच्या लोकांना जास्त लागू आहे. नाशिकच्या क्लासेसमध्ये आता फी दीड लाख सांगतात आणि एक छोटी परीक्षा घेऊन ऐंशी टक्के 'स्कॉलरशिप' देतात. जवळजवळ सगळ्यांना देतात. पोरगं घरी येऊन सांगतं, मला स्कॉलरशिप मिळाली. आईबाप पेढे वाटतात. पैशांचा हिशेब कदाचित योग्यच असेल. तेवढी फी त्या क्लासची असायचीच. पण त्या पोराला आपल्या गुणवत्तेबद्दल जे सांगितलं गेलं, ते टॅगवरच्या २,४९९इतकंच खरं आहे. काट मारलेली किंमत दुकानातून बाहेर पडून आता माणसांवर लागते आहे: फुगवलेले गुण, फुगवलेला बायोडेटा, फुगवलेलं पॅकेज. प्रत्येक आकडा ऐकल्यावर मनातल्या मनात त्याचा तिसरा हिस्सा करायची सवय आपल्याला लागली आहे, आणि तिलाच आपण व्यवहारज्ञान म्हणतो.

ह्या सवयीत खरं बोलणाऱ्याचं सगळ्यांत जास्त नुकसान होतं, कारण आपण त्याच्याही आकड्याचा तिसरा हिस्साच धरतो. म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं खोटं हे साध्या खोट्यापेक्षा मला जास्त गंभीर वाटतं. साधं खोटं एका माणसाला एकदा फसवतं. सगळ्यांना माहीत असलेलं खोटं खऱ्या आकड्याची जागाच खाऊन टाकतं. मग एखादा शेतकरी म्हणतो की ह्या क्रेटमागे माझा एवढा खर्च झाला, एखादी बाई म्हणते की माझ्या आठ तासांची मजुरी एवढी होते, आणि ऐकणारा सवयीने म्हणतो, 'ते ठीक आहे हो, शेवटचं किती ते सांगा.'